काट्यामागच्या दोन वायरी

सर,

आज शुक्रवार. साजगावहून आत्ताच आलो, चहासुद्धा घेतलेला नाही, आणि तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्ही होतात तेव्हा मी एकदाही भांडलो नाही. तुम्ही बोलायचात आणि मी मान खाली घालून कीबोर्डवरची अक्षरं बघत राहायचो. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मला धड मिशी नव्हती, आता आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. मला मधेच तोडून "थांब, तुला त्यातलं कळत नाही" म्हणायला आज तुम्ही नाही आहात. तेव्हा पूर्ण ऐका.

तुमचा मोबाइल नंबर अजून चालू आहे. गिऱ्हाइकं याच नंबरवर येतात म्हणून तुमच्यामागे काकूंनी तो बंद करू दिला नाही, आणि तो फोन माझ्या खिशात असतो. मागच्या महिन्यात एका दुपारी त्यावर साजगावच्या कंपनीतल्या ताईंचा फोन आला. गेटवरच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतात त्या. ट्रक काट्यावर उभा राहतो, वजन कॉम्प्युटरवर येतं, ताई पावती काढतात आणि ट्रक सुटतो. तो कॉम्प्युटर तुम्ही बसवलेला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स तुम्ही घातलेलं. फोनवर आधी त्या शेजारी कुणाशी तरी बोलल्या, "लागला गं, सरांचा नंबर लागला." मग मला म्हणाल्या, "कोन? तू कळंबचा पोरगा ना रं? वायरी बनवायचास तो?" मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, "मला घरी बसवलंय. चोर म्हनतात मला. सरांनी सांगितलेलं तेच केलं रं मी, दुसरं काय नाय केलं."

काय केलं ते मी विचारलं, आणि जे ऐकलं त्यानं माझे कान गरम झाले. शुक्रवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते. कंपनीला जनरेटर आहे, पण गेटवरच्या केबिनला त्याची लाईन नाही, आणि तिथल्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे. लाईट परत आली की ताई कॉम्प्युटर चालू करतात. कधी वजन दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं नाही की त्या टेबलामागे वाकतात, निळी वायर काढून पिवळीच्या जागी लावतात आणि पिवळी निळीच्या जागी. वजन येतं. हे तुम्ही त्यांना शिकवलंत. पूर्वी तुम्ही स्वतः स्कूटरवर जायचात आणि हेच करून यायचात. नंतर छातीत दुखायला लागलं तेव्हा फोनवरून सांगायला लागलात. तुम्ही गेल्यावर त्या बाई आपल्या आपण करत राहिल्या, न चुकता, कुणाला त्रास न देता. देवाला फूल वाहावं तसं.

आता कंपनीत नवीन मॅनेजर आलेत. भंगाराच्या वजनात तूट निघाली, म्हणून त्यांनी केबिनचा कॅमेरा तपासला. त्यांना काय दिसलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. काट्यावर बसणारी बाई इकडेतिकडे बघते, टेबलामागे जाते, वजनाच्या वायरी उपटते, उलटसुलट लावते, परत खुर्चीत बसते. एकदा नाही, कितीतरी शुक्रवार. त्यांनी विचारलं, हे काय करता? ताई म्हणाल्या, सरांनी सांगितलंय. कोण सर? कॉम्प्युटरवाले सर. बोलवा त्यांना. ताई म्हणाल्या, ते वारले.

सर, हे वाक्य त्या केबिनमध्ये कसं ऐकू आलं असेल? तुम्ही मेलात हेच त्यांच्या विरोधात गेलं.

त्या वायरी मी बनवल्या होत्या. मला तो दिवस आठवतो. दुकानात नुकताच लागलो होतो, बारावीची परीक्षा न देताच. तुम्ही मला वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवायचं, पिवळ्या मुठीचं क्रिंपिंग टूल दिलंत, नवं कोरं, कागदात गुंडाळलेलं. म्हणालात, "हे तुझं. दुकानाचं नाही, तुझं." घरी आईनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. त्या टूलनं पहिल्यांदा वायरी केल्या त्या याच. तुम्ही समोर बसला आहात, चष्मा कपाळावर, आणि मला सांगताय, "दोन रंगांच्या कर. एक निळी, एक पिवळी." मी विचारतो, सर, दोन्ही निळ्या चालतील ना, निळी केबल भरपूर आहे. तुम्ही म्हणता, "सांगितलं तेवढं कर." मी करतो. आठ तारांची रांग भिंगातून बघावी तशी बघतो, एकही तार मागे राहू नये म्हणून. तुम्ही ते टोक उजेडात धरता आणि म्हणता, "तुझा हात चांगला आहे." त्या शब्दांवर मी कितीतरी दिवस जगलो. आता कळतं की रंग का वेगळे पाहिजे होते. पुढे एका बाईला फोनवरून सांगता यावं म्हणून. म्हणजे वायरी बनण्याआधीच तुम्हाला माहीत होतं की त्या उलटसुलट कराव्या लागणार आहेत.

आणि नीट करणं अवघड होतं का? तेही नाही. त्या मशीनला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक मूळचं, त्यात काट्याची वायर. दुसरं जुनं, तुम्ही वरून बसवलेलं, त्यात ऑफिसची वायर. लिनक्सची जुनी पद्धत अशी की सुरू होताना जे कार्ड आधी जागं होईल ते ईथ झिरो, नंतरचं ईथ वन. तुम्ही सगळी मांडणी या नावांवर लिहिलीत, काट्याचा पत्ता ईथ झिरोला, ऑफिसचा ईथ वनला. ज्या दिवशी दुसरं कार्ड आधी जागं झालं, त्या दिवशी नावांची अदलाबदल झाली, काट्याचा पत्ता ऑफिसच्या वायरीवर गेला आणि वजन बंद. ही अडचण काही तुमच्या एकट्याची नव्हती. जगभर होती, म्हणूनच नवी नावं आली. कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव. खाच बदलत नाही, नाव बदलत नाही. आणि ती नावं, ते पत्ते सांभाळायला एक सेवा आली, नेटवर्क मॅनेजर. कार्ड ओळखते, वायर लागली की जोडते, काय बिघडलं ते विचारलं की सांगते.

तुम्हाला ती नावं आवडली नाहीत. एवढंच. "ई एन पी तीन एस झिरो! हे नाव आहे की गाडीचा नंबर?" असं तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणायचात आणि ती हसायची, त्यांना काही कळलेलं नसताना. प्रत्येक मशीन बसवलं की तुम्ही आधी, ते सुरू होताना वाचतं त्या सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घालून नवी नावं बंद करायचात. मग नेटवर्क मॅनेजरला नुसतं थांबवायचं नाही, तर त्याच्यावर मास्क टाकायचा, म्हणजे कुणीही हाक मारली तरी त्यानं उठता कामा नये. "मला मधे नोकर नको," म्हणायचात. "मी सांगेन, मशीन ऐकेल."

मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही विसरला असाल, मी नाही. त्या दिवशी दुकानात तहसीलमधले दोन कारकून प्रिंटर घेऊन आलेले, आणि तुमचे ते मित्र, ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. तुम्ही साजगावहून आलात आणि घाम पुसत म्हणालात, आज परत वजन गेलं होतं. मी आधीच वाचून ठेवलेलं होतं. शब्द न चुकता लागावेत म्हणून मनात घोकलेलंही होतं. मी म्हणालो, "सर, नव्या नावांवर मांडलं तर परत जाणार नाही." तुम्ही रुमाल खाली ठेवलात. सगळीकडे बघितलंत. मग म्हणालात, "कळंबहून येतो, बारावी झालेली नाही, आणि मला नेटवर्क शिकवतो." कारकून हसले. तुमचे मित्र म्हणाले, "जाऊ द्या हो, पोर आहे." आणि तुम्ही म्हणालात, "पोर नाही, अर्धवट आहे. पूर्ण काही शिकला नाही, म्हणून सगळ्यात बोट घालतो." त्यानंतर मी तुम्हाला काहीही सुचवलं नाही. कमांड लिहिताना आजही एकेक अक्षर दोनदा वाचतो, चुकलं तर कुणीतरी अर्धवट म्हणेल म्हणून. आता तसं म्हणणारं कुणी उरलेलं नाही, तरी वाचतो.

ताईंचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साजगावला गेलो. मॅनेजर माणूस वाईट नाही. पुण्याकडचे आहेत, शांत बोलतात, खुर्ची दिली. म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण मला दाखवा." ताईंना मी बोलावून घेतलं होतं, पण त्यांना गेटबाहेर उभं केलेलं होतं. जिथे रोज आत येऊन बसायचं तिथे बाहेर, तोंडावर पदर धरून. काट्यावर एक रिकामा टेंपो उभा करवला. मी मशीन रीस्टार्ट केलं. वजन बरोबर आलं. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. मॅनेजर म्हणाले, "यात तर काहीच होत नाहीये." टेंपोवाला खिडकीतून ओरडला, "भाऊ, मला वजन नको, मला जाऊ द्या!" वॉचमन हसला. आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, अर्धवट, अर्धवट.

मग लक्षात आलं की रीस्टार्ट करणं आणि लाईट जाणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रीस्टार्टमध्ये कार्डांची वीज जात नाही. लाईट गेली की ती जाते, पूर्ण थंड पडतात, आणि परत आल्यावर कोण आधी उठेल त्याचा भरवसा नाही. मी म्हणालो, केबिनचा मेन स्विच पाडा. पाडला. थांबलो. चालू केला. वजन बरोबर. पुन्हा पाडा म्हणालो. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. पुन्हा चालू केला, आणि यावेळी वजनाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. सर, रेघा बघून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मी दारात जाऊन हाक मारली, "ताई, आत या. नेहमी करता तेच करा." त्या आल्या, पण वायरींपासून लांब उभ्या राहिल्या. "नाय रं बाबा. मी आता हात नाय लावनार. आमी हात लावला म्हनून तर घरी बसलो." मॅनेजर म्हणाले, "लावा ताई, मी सांगतोय." त्या वाकल्या, न बघता निळी काढली, पिवळी काढली, लावली. हाताला पाठ होतं ते. स्क्रीनवर टेंपोचं वजन आलं.

मग मॅनेजरनी विचारलं, "हे असं कोणी बसवलं?"

त्या क्षणी मी तुमचं नाव झाकू शकलो असतो. मशीन जुनं आहे म्हणालो असतो तर त्यांना पटलं असतं. दुकानावर अजून तुमच्याच नावाची पाटी आहे, काकू तिच्यावर जगतात आणि मीही. पण ताई तिथे उभ्या होत्या. मशीन जुनं म्हटलं असतं, तर कुणी सांगितलं नसताना या बाईंनी वायरी काढल्या एवढंच उरलं असतं. मी म्हणालो, "आमच्या सरांनी. आणि वायरी बदलायला त्यांनीच सांगितलं होतं." "म्हणजे त्यांना माहीत होतं?" "हो." "मग नीट का नाही केलं?" तो प्रश्न मी तसाच्या तसा तुमच्याकडे घेऊन आलोय.

कारण मी तिथेच बसून नीट केलं, सर, आणि माझ्यासमोरचा चहासुद्धा निवला नव्हता. सुरुवातीच्या ओळीतला तुमचा शब्द काढला. नेटवर्क मॅनेजरवरचा मास्क काढला. कार्डांना त्यांची खरी नावं मिळाली. दोन जोडण्या बनवल्या, एक काट्याची, एक ऑफिसची, आणि प्रत्येक जोडणी ज्या त्या कार्डावर कारखान्यातच छापलेल्या पत्त्याला बांधली, म्हणजे उद्या नाव काहीही होऊ दे, जोडणी आपल्याच कार्डावर बसेल. तुमची जुनी मांडणी बंद केली, नाहीतर दोघंही एकाच कार्डावर हुकूम चालवत बसले असते. मग मेन स्विच पाडत राहिलो. वॉचमन कंटाळला, टेंपोवाला निघून गेला, मॅनेजर म्हणाले बास, तरी पाडत राहिलो. एकदाही रेघा आल्या नाहीत. एवढ्याशा कामासाठी तुम्ही ऊन-पावसात स्कूटर हाणलीत, आणि एका बाईला टेबलामागे वाकवत राहिलात.

मॅनेजर ताईंना म्हणाले, "सोमवारपासून या. माझं चुकलं." भंगाराची तूट कुठली ते अजून शोधतायत. पण मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे कंपनीची कामं दुकानाकडे राहणार नाहीत. आवाज न चढवता सांगितलं. बाहेर ताई भेटल्या. मला वाटलं, तुम्हाला दोन शब्द सुनावतील. तर म्हणाल्या, "सर लय चांगलं मानूस. दर शुक्रवारी यायचं, पोरांचं विचारायचं. आमच्या भाकरीला नाय म्हनाले नाय कधी." मला तिथे ओरडावंसं वाटलं. ज्यांच्यामुळे ही बाई गावात तोंड लपवून फिरली, त्यांचंच कौतुक!

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. कंपनीचं काम गेलं, आणि मी तुमचं नाव घेतलं, हेही. त्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं रे. मी एकदा विचारलं होतं, दर शुक्रवारी तेच कसं बिघडतं? तर म्हणाले, डॉक्टरकडेसुद्धा तोच पेशंट परत येतो." मी म्हणालो, मग का? काकू म्हणाल्या, "शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट लागायचा त्यांना. तिथे गेटवर वॉचमन उठून सलाम करायचा. सर आले, सर आले, व्हायचं. शेवटी शेवटी दुकानात कोण येत होतं? इथे सर म्हणणारं कोण उरलं होतं?"

मी होतो ना. रोज शटर उघडताना, रोज शटर लावताना, दिवसभर त्या दुकानात तुम्हाला सर म्हणणारा मी होतो. माझं सर म्हणणं तुमच्या मोजणीत नव्हतं का? मी अर्धवट, म्हणून माझा सलामही अर्धा धरलात का? काकूंना हे बोललो नाही. तांदळातला एक खडा उचलला आणि बाहेर टाकून आलो. पण त्या दिवसापासून मी रागावलेला आहे, ते वायरींवरून नाही, यावरून.

एवढं लिहून झाल्यावर हे पाकिटात घालायचं नाही, हे मला ठाऊक आहे. काकूंनाही दाखवणार नाही. पण बसलोच आहे तर आजचंही लिहितो. आज शुक्रवार, सकाळीच लाईट गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावण्यासारखं मीच काही शिल्लक ठेवलेलं नाही, आणि आता ते काम आपल्याकडे नाहीच. तरी मी धुतलेला शर्ट घातला आणि साजगावला गेलो. वॉचमननं विचारलं, "काय काम?" मी म्हणालो, सहज. ताई खिडकीतून म्हणाल्या, "तू कशाला आलास रं? चाललंय की सगळं." मी केबिनच्या दारात उभा राहिलो. लाईट आली. ताईंनी मशीन चालू केलं आणि हाताची घडी घालून बसल्या. एक ट्रक काट्यावर चढला. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो.

वजन आलं, सर. पण ते यायच्या आधी, क्षणभर, मला वाटलं होतं की रेघा याव्यात.